मागून येणारा घोडेस्वार

न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे यांचा जन्म १८ जानेवारी १८४२ रोजीं नाशिक जिल्ह्यांतील निफाड येथें झाला. वडील गोविंदराव तेथें सरकारी नोकरींत होते. पुढें त्यांचा संबंध कोल्हापूर संस्थानाशीं जडला आणि मुलाचें बाळपण तिकडे गेलें. निफाडहून कोल्हापुराकडे जातांनाची एक हकीकत रानड्यांच्या चरित्रांतून सांगितली जाते. मूल त्या वेळीं अवघें अडीच वर्षांचें होतें. बैलगाडीचा प्रवास, रात्रीची वेळ, गाडींतलीं बायकामुलें पेंगुळलेलीं. वाटेंत धक्का बसला आणि मूल गाडींतून खालीं पडलें. गाडी तशीच पुढें गेली. कोणाच्या ध्यानांतहि आलें नाहीं. चुलते विठूकाका घोड्यावरून मागाहून येत होते. टापांचा आवाज कानीं पडतांच अंधारांतून त्या पोरानें त्यांना हांक मारली, आपण पडल्याचें सांगितलें, आणि काकांनीं त्यास उचलून घेतलें.

ही गोष्ट सांगणारे बहुधा मुलाच्या धीटपणाचें कौतुक करितात, आणि पुढें थोर झालेल्या पुरुषाच्या चरित्रांत तें शोभतेंहि. मला मात्र ती गोष्ट मुलापेक्षां काकांची वाटते. घोडा बैलांहून जलद चालतो. घोड्यावरच्या माणसानें पुढें जाऊन मुक्कामाची जागा गांठावी, निदान गाडीची धूळ तरी चुकवावी, हें अगदीं स्वाभाविक. बैलांच्या मागें राहावयाचें म्हणजे वाटभर लगाम खेंचून धरावयाचा. निफाड ते कोल्हापूर ही वाट आजच्या मापानें साडेचारशें किलोमीटरांच्या आसपास भरते. तितकी वाट आपल्या अंगचा वेग आवरून चालणें ही लहानसहान गोष्ट नव्हे; आणि तो वेग आवरला होता म्हणूनच त्या रात्रीं टापांचा आवाज मुलाच्या मागून आला. काका पुढें गेले असते तर त्या हांकेला ऐकणारा कोणी नव्हता.

तेव्हां प्रश्न असा कीं, जो जलद जाऊं शकतो त्यानें सावकाश जाणाऱ्याच्या मागें राहावें असें कांहीं कर्तव्य आहे काय? आणि असल्यास तें कोठवर? घरीं असतांना हा प्रश्न सहसा उद्भवत नाहीं. घरांत ज्याचा वेग त्याच्यापाशीं असतो. म्हातारीं माणसें ओसरीवर बसलेलीं, पोरें रस्त्यावर, कर्तीं माणसें कामावर, आणि कोणाचें कोणावांचून फारसें अडत नाहीं. घराचा उंबरठा ओलांडून सर्वांनीं एका वेळीं एका ठिकाणीं पोंचावयाचें ठरलें, कीं मग कोणाच्या पायांनीं चालावयाचें हें ठरवावें लागतें. कुटुंबांतील माणसें एकमेकांचीं किती आहेत याची परीक्षा लग्नकार्यांत होते असें म्हणतात. माझ्या मतें ती प्रवासाच्या एका लांबलचक दिवसांत अधिक चोख होते, कारण त्या दिवशीं कोणालाहि उठून दुसऱ्या खोलींत जातां येत नाहीं.

गेल्या पौषांत आमच्या घरचीं सात माणसें निफाडहून काशीस गेलीं. काशीयात्रा म्हणजे एके काळीं महिन्यांचा हिशेब. निघालेला माणूस परत येईलच असें घरचीं माणसें धरून चालत नसत. आम्ही पहाटे निघून रात्रीं काशींत जेवलों. ओझरचा विमानतळ आमच्याच तालुक्यांत आहे. परंतु तेथून मोजक्याच शहरांस विमानें जातात, म्हणून मोटारीनें मुंबई गांठावी लागली. सिन्नरजवळ गाडी समृद्धि महामार्गावर चढली. इगतपुरीपुढचा शेवटचा तुकडा ५ जून २०२५ रोजीं खुला झाल्यापासून कसाऱ्याचा घाट चुकवून जातां येतें. जवळजवळ आठ किलोमीटरांचा बोगदा पांच-सहा मिनिटांत संपतो, आणि ज्या चढणीवर बैलांच्या तोंडाला फेंस येत असे ती डोक्यावरून केव्हां निघून गेली हें कळतहि नाहीं.

या मंडळींत सर्वांत सावकाश चालणारी माझी आत्या. वय ब्यायशीं, आणि दोन्ही गुडघे बोलूं लागलेले. सर्वांत जलद चालणारा माझा पुतण्या; वय एकोणीस. या दोघांच्या मधल्या अंतरांत बाकीचे आम्ही. घरांतून निघावयाची वेळ साडेचारची ठरली होती. बरोबरच्या मामांनीं आदल्या रात्रीं पंचांग काढलें, आणि सहाच्या आधीं प्रस्थान करूं नये असें सांगितलें. मामा वडीलधारे, त्यांच्या शब्दास मान दिला गेला. निफाडची थंडी सर्व महाराष्ट्रास वर्तमानपत्रांतून ठाऊक आहे. त्या थंडींत आत्याबाई शाल गुंडाळून दीड तास ओट्यावर तयार बसून राहिल्या. मुंबईस पोंचेपर्यंत वेळ इतका थोडा उरला होता कीं, ज्या माणसानें चार पावलें टाकून एकदां थांबावयाचें त्याच माणसास धांवपळींत ओढलें गेलें. मामांच्या मुहूर्ताचें ओझें असें शेवटीं आत्याबाईंच्या गुडघ्यांवर आलें. पुढें काशीच्या धुक्यामुळें विमानच तीन तास उशिरा सुटलें, आणि मामांनीं तो मुहूर्ताचा गुण म्हणून सर्वांस समजावून सांगितला, ही गोष्ट निराळी.

विमानतळावर मात्र मंदगति माणसाची एक व्यवस्था आहे, आणि ती लक्षांत घेण्याजोगी आहे. ज्यांना चालवत नाहीं त्यांस चाकांची खुर्ची मिळते, ती ढकलणारा माणूस मिळतो, आणि विमानांत चढतांना त्यांस व लहान मुलें बरोबर असलेल्यांस इतरांच्या आधीं बोलावितात. कोणी श्रीमंत असो वा गरीब, आत्याबाईंच्या खुर्चीला वाट द्यावीच लागते. आपल्या देवळांच्या रांगांत ही रीत इतकी सर्रास आढळत नाहीं हें कबूल केलें पाहिजे. पण हीच व्यवस्था उतरतांना उलटी होते. उतरतेवेळीं खुर्चीवाला माणूस सर्वांत शेवटीं उतरतो. तोंवर इतर दीडदोनशें माणसें डोक्यावरच्या पिशव्या काढून, एकमेकांच्या पाठीला पाठ लावून उभीं राहतात आणि निघून जातात. हें सोयीचें आहे यांत वाद नाहीं. चिंचोळ्या वाटेंत याहून दुसरें करतांहि येणार नाहीं. परंतु त्या वेळीं बरोबरच्या कुटुंबाचें काय होतें तें पाहावें. पुतण्या सामानाच्या पट्ट्याकडे निघाला; मामा गाडीवाल्यास दूरध्वनि करण्यास गेले; प्रत्येकाजवळ पुढें जाण्याचें चांगलें कारण होतें. रिकाम्या विमानांत आत्याबाईंजवळ वहिनी तेवढ्या बसून राहिल्या.

बैलगाडींत माणसें समोरासमोर बसत. आगगाडीच्या डब्यांतहि बांक समोरासमोर असतात; वादहि त्यामुळेंच होतात आणि शिदोरीहि त्यामुळेंच वाटली जाते. विमानांत सर्वांचीं तोंडें एकाच दिशेस, आणि प्रत्येकाच्या समोर पुढच्याच्या आसनाची पाठ. शेजारीं शेजारीं बसावयाचें तर बहुधा वेगळे पैसे मोजावे लागतात, नाहींतर जेथें जागा निघेल तेथें. बारा वर्षांखालील मुलास आईबापांपैकीं निदान एकाजवळ बसवावें असें विमानवाहतुकीच्या सरकारी खात्यानें २०२४ सालीं कंपन्यांस बजावलें. हुकूम योग्यच आहे. फक्त तो मुलांपुरता आहे. ब्यायशीं वर्षांच्या बाईला पट्टा कसा लावावा हें दाखविणारें माणूस शेजारीं असावें, हें ज्याचें त्यानें पाहावयाचें.

आसनावर बसल्यावर सेविका जी सूचना सांगतात तींत नीतिशास्त्राचें एक फार मोठें कोडें दडलेलें आहे, आणि तें रोज हजारों माणसें जांभई देत ऐकतात. आंतील हवेचा दाब गेल्यास वरून प्राणवायूचे मुखवटे खालीं येतील; प्रथम आपला मुखवटा लावावा, मग मुलाचा. कोणत्याहि आईच्या कानास हें प्रथम विपरीतच लागतें. आत्याबाईंनीं विचारलेंहि कीं हें उलटें कसें. याचें कारण निखळ शरीरशास्त्राचें आहे. विमान ३५,००० फुटांवर असतें. आंतील हवा मात्र यंत्रांच्या साह्यानें सहा ते आठ हजार फुटांवरच्या हवेइतकी दाट ठेवितात. म्हणजे खुर्चींत स्वस्थ बसलेला माणूससुद्धां आपल्या कळसूबाईच्या शिखरापेक्षां उंच जागीं श्वास घेत असतो. ती हवा एकाएकीं निघून गेली तर त्या उंचीवर माणसाची शुद्ध अर्धा ते एक मिनिट टिकते. तेवढ्यांत आईनें मुलाच्या मुखवट्याशीं झटापट करीत बसावें आणि मध्येंच तिची शुद्ध जावी, म्हणजे दोघेंहि गेलीं. आधीं तिनें स्वतःस सांवरलें तर मुलाची मूर्च्छा क्षणभराची ठरते.

तेव्हां ही सूचना आपमतलबाची नाहीं. तिच्यांतला "आधीं स्वतः" हा शब्द "मग मुलाचा" या शब्दासाठींच उच्चारलेला आहे. दुसरें वाक्य गळालें तर पहिल्याला कांहीं अर्थ उरत नाहीं. आणि अलीकडे नेमकें तेंच होतांना मी पाहतों. स्वतःची काळजी आधीं घ्यावी, म्हणजे दुसऱ्याची घेतां येते, हें वाक्य आतां व्याख्यानांतून, पुस्तकांतून, घरगुती भांडणांतूनहि ऐकूं येतें, आणि दाखला बहुधा याच मुखवट्याचा. परंतु मुखवटा लावण्यास कांहीं क्षण लागतात. ज्यांची स्वतःची तयारी वर्षानुवर्षें चालली आहे, आणि शेजारचा श्वासासाठीं धडपडत असतां अजूनहि जे आपल्याच दोऱ्या घट्ट करीत आहेत, त्यांना या दाखल्याचा आधार घेण्याचा अधिकार नाहीं.

आपल्या वाङ्मयांत कुटुंबाच्या शेवटच्या प्रवासाची एक मोठी कथा आहे. महाभारताच्या महाप्रस्थानिक पर्वांत पांच पांडव आणि द्रौपदी हिमालयाकडे निघतात. वाटेंत प्रथम द्रौपदी पडते, मग सहदेव, मग नकुल, मग अर्जुन, आणि शेवटीं भीम. प्रत्येक वेळीं भीम विचारतो कीं हें माणूस कां पडलें, आणि धर्मराज मागें वळून न पाहतां कारण सांगतो. द्रौपदीचा अर्जुनावर विशेष लोभ होता, सहदेवास बुद्धीचा गर्व, नकुलास रूपाचा, अर्जुनानें फुशारकी मारली होती, आणि स्वतः भीम पडतो तेव्हां त्याच्या खादाडपणाचा व बळाच्या घमेंडीचा दोष निघतो. कारणें सांगून धर्मराज चालूं लागतो. लहानपणीं हें ऐकतांना मला त्याच्या वैराग्याचा धाक वाटे. आतां वाटतें तें निराळें. जो मागें पडला त्याचा दोष काढला, म्हणजे त्याच्यासाठीं थांबण्याचें कारण उरत नाहीं. ही युक्ति धर्मराजाइतकीच आपल्याहि अंगवळणीं आहे. "तरी सांगत होतों, रात्रीं लवकर नीज." "इतकें सामान घेऊं नको म्हटलें होतें." "गुडघ्यांवर वेळींच इलाज केला असता तर." विमानतळाच्या लांब दालनांतून चालणाऱ्या कोणत्याहि कुटुंबाच्या मागोमाग पन्नास पावलें जावें, असलें एखादें वाक्य ऐकूं आल्यावांचून राहत नाहीं.

महाभारतकारांनाहि हा शेवट पुरता पटला नसावा असें मला वाटतें. कारण त्यांनीं कथा तेथें सोडली नाहीं. स्वर्गाच्या दारांत इंद्राचा रथ उभा असतां, मागोमाग आलेल्या कुत्र्यावांचून धर्मराज आंत जाण्यास नाकारतो. भावांस मागें सोडणारा कुत्र्यासाठीं अडून बसतो! पुढें स्वर्गांत भाऊ दिसत नाहींत, तेव्हां तो त्यांना शोधीत नरकांत जातो, त्यांचे स्वर ओळखतो, आणि येथेंच राहीन म्हणतो. वाटेवर जें वळून पाहणें राहिलें होतें तें त्याला तेथें करावें लागलें. विठूकाकांना तें त्याच रात्रीं जमलें. पण ते धर्मराज नव्हते, आणि त्यांना स्वर्गाचीहि घाई नव्हती.

येथवर विचार सोपा आहे. अवघड भाग यापुढें येतो. सर्वांत सावकाश चालणाऱ्याच्या वेगानें कुटुंबानें चालावें असें एकदां म्हटलें, कीं प्रत्येक आडमुठा माणूस आपण सावकाश चालणाऱ्यांपैकीं आहों असें म्हणूं लागतो. न चालवणें आणि न चालणें यांत फरक आहे. आत्याबाईंना चालवत नव्हतें. मामांना निघावयाचें नव्हतें. दोघांसाठींहि मंडळी थांबली, आणि दोन्ही थांबण्यांस आपण आदर हें एकच नांव दिलें. परंतु दुसऱ्या थांबण्याची किंमत पहिल्या माणसानें दिली, हें वर आलेंच आहे.

रानड्यांच्या चरित्रांतच याचा फार वेदनादायक दाखला आहे. १८७३ सालीं त्यांची पहिली पत्नी निवर्तली. रानडे तेव्हां एकतीस वर्षांचे, आणि विधवाविवाहाचे पुरस्कर्ते म्हणून सर्वत्र माहीत असलेले. आतां ते विधवेशीं विवाह करतील अशी सुधारकांची अपेक्षा होती. वडिलांनीं आग्रह धरला, आणि त्याच वर्षीं त्यांचा विवाह अकरा वर्षांच्या रमाबाईंशीं झाला. रानड्यांवर त्याबद्दल पुष्कळ टीका झाली. त्यांच्या बाजूनें म्हणणारे म्हणतात कीं वडिलांचें मन मोडून पुढें जाणें हें त्यांच्या कोमल स्वभावास शक्य नव्हतें. समाजास बरोबर घेऊन चालण्याचें त्यांचें धोरणहि याच स्वभावाचें मोठें रूप होतें. हें सर्व मला समजतें, आणि कांहीं अंशीं मान्यहि आहे. पुढें त्यांनीं रमाबाईंना शिकविलें, आणि रमाबाईंनीं पुण्याच्या सेवासदनाच्या रूपानें केवढें काम उभें केलें, हेंहि सर्वांस ठाऊक आहे. तथापि हिशेब तेवढ्यानें पुरा होत नाहीं. गोविंदराव वाटेवर पडलेले नव्हते. ते वाटेच्या मध्यें उभे होते. त्यांच्यासाठीं लगाम खेंचला गेला तेव्हां अंधारांत खरोखर पडलेल्या ज्या मुली होत्या, दहाव्या-बाराव्या वर्षीं केशवपन होऊन कोपऱ्यांत बसलेल्या, त्यांच्या कानांवर टापांचा आवाज येतां येतां थांबला. ज्याला आपण बरोबर घेण्यासाठीं थांबतों तो मागचा आहे कीं पुढची वाट अडविणारा आहे, हें ओळखणें वडीलधाऱ्यांविषयींच्या प्रेमानें कठीण होतें. रानड्यांसारख्या न्यायनिष्ठ पुरुषासहि तें कठीण झालें.

आणखी एक गोष्ट बोलून दाखवावी लागेल. मागें राहण्याचें कर्तव्य आहे असें ठरलें, तरी तें कोणी करावयाचें? घोड्यावरच्या विठूकाकांचें चित्र मनोहर आहे. परंतु बहुतेक कुटुंबांत मागून येणारा हा घोडेस्वार नसतो. ती घरांतली एखादी बाई असते, आणि तिला तें काम कोणी सांगितलेलें नसतें. आमच्या प्रवासांत औषधांची पिशवी वहिनींपाशीं, आत्याबाईंची काठी वहिनींपाशीं, तपासणीच्या दारांत काढलेल्या बांगड्यांची पुरचुंडी वहिनींपाशीं. खिडकीजवळची जागा पुतण्याला मिळाली, आणि ढगांवरचें ऊन किती सुंदर होतें याचें वर्णन आम्हांस त्याच्याकडून ऐकावयास मिळालें. वहिनींनीं त्या सव्वादोन तासांत काय पाहिलें असें कोणी विचारलें असतें, तर त्यांना बहुधा आत्याबाईंच्या पायांची सूज एवढेंच सांगतां आलें असतें. जें काम नेहमीं एकाच माणसाकडे येतें तें लौकरच त्या माणसाचा स्वभाव म्हणून ओळखलें जाऊं लागतें. आणि स्वभावाबद्दल कोणी कोणाचे आभार मानीत नाहीं. परतीच्या वाटेवर, आत्याबाईंच्याच सांगण्यावरून, खुर्चीजवळ पुतण्या राहिला. रिकाम्या विमानांत शेवटपर्यंत बसण्याचा त्याला कंटाळा आला, पण त्या अर्ध्या तासांत आत्याबाईंनीं त्याला आपल्या लग्नाचें वऱ्हाड गोदावरीच्या पुरांत कसें अडकलें होतें ती सबंध गोष्ट सांगितली. ती वहिनींना पाठ होती. त्याला नवी होती.

शिवाय कोणी तरी मुळींच निघत नाहीं. विष्णुभट गोडसे १८५७ सालीं उत्तरेकडे गेले, बंडाच्या वणव्यांतून फिरले, आणि गंगेच्या पाण्याची कावड खांद्यावर घेऊन कोंकणांत घरीं परतले, कारण आईबापांना गंगेकडे नेतां येण्याजोगें नव्हतें. त्यांच्या "माझा प्रवास" या पुस्तकांत, जें १९०७ सालीं चिं. वि. वैद्य यांनीं प्रसिद्ध केलें, लढायांचीं वर्णनें लोक आवडीनें वाचतात. मला त्या पुस्तकांतील सर्वांत लांबचें अंतर त्या कावडीनें कापलेलें वाटतें. आमच्याहि घरीं धाकटा भाऊ मागें राहिला होता. पौषांत द्राक्षांचे मणी भरत असतात, आणि पारा उतरला कीं बागेंत रात्रभर शेकोट्या पेटवून वेलींना ऊब द्यावी लागते. कोणी तरी जागें राहिल्यावांचून भागत नाहीं. आम्ही काशीस जेवत असतां तो बागेंत लांकडें सारीत होता. त्याच्यासाठीं आत्याबाईंनीं तांब्याचा एक गडू आणला, तोंड डाखानें बंद केलेला. त्याला खांद्यावरून कोणी वाहिलें नाहीं. तो कपड्यांच्या पेटींत, लुगड्याच्या घडींत, विमानाच्या पोटांतून आला. भावानें तो बागेंतल्या पंपाच्या खोलींत कोनाड्यांत ठेवला आहे. अजून फोडलेला नाहीं. आम्ही परतलों त्याच आठवड्यांत तोडणी सुरू झाली, आणि त्यानंतर त्याला सवडच मिळाली नाहीं.